टिकलीचं पान

सकाळी लिफ्टचं दार उघडलं तर आत उडदाच्या वड्यांचा वास कोंडलेला होता. कुणाच्या तरी घरी आज तिथी. चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्या वासात गवारीची भाजी आली, आल्याची चटणी आली, खिरीतली वेलची आली, आणि तळमजला येता येता माझं तोंड कडू झालं. एकेकाळी हाच वास मला आवडायचा. माहेरी बार्शीला श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे वर्षातलं सगळ्यात चवदार जेवण. ते कुणाच्या तरी मरणामुळे आपल्या पानात पडतंय, याचं आम्हा पोरांना काहीही वाटत नसे.

गणपती गेले की डोंबिवली एकदम ओकीबोकी दिसायला लागते. मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले असतात, ऊन चढलेलं असतं, एमआयडीसीकडून येणारा आंबूस वास पहाटेपासून नाकात बसतो. सोनार माश्या मारत बसतात. नव्या टॉवरच्या बुकिंगसाठी टाकलेल्या मंडपात मुली मोबाईल बघत वेळ काढतात. कुणीच काही नवीन करत नाही. माझं या पंधरवड्याशी गेल्या वर्षापासून बिनसलं आहे. देवाधर्माशी नाही, मी काही फार देवदेव करणारी नाही आणि नास्तिक म्हणवून घेण्याइतकी धीटही नाही. भांडण फक्त या दिवसांशी आहे, आणि ते एका कुत्रीवरून आहे.

टिकली आमच्याकडे आली तेव्हा आषाढ सरत आला होता. माझी मुलगी मुक्ता ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि तिथेच मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. रस्त्यावरची पिल्लं उचलून त्यांना घर शोधून देणाऱ्या मुलांमध्ये तिची ऊठबस असते. त्यांना शीळफाट्याला टायरच्या दुकानामागे हे पिल्लू सापडलं. मुक्ताचा फोन आला, "आई, फक्त थोडे दिवस. फोस्टर म्हणून ठेव."

"फोस्टर म्हणजे काय गं?"

"म्हणजे तात्पुरतं."

आमच्या घरात धाकट्या दिरांचं लोखंडी कपाट तात्पुरतं आलेलं आहे, मुक्ताची व्यायामाची सायकल तात्पुरती आलेली आहे, आणि खरं म्हणजे या दोन खोल्यांच्या घरात आम्हीही तात्पुरतेच राहायला आलो होतो, मुक्ता शाळेत जायच्या आधी. त्यामुळे तात्पुरतं म्हणजे काय ते मला नीट कळलं. मी हो म्हटलं. अरुण, माझा नवरा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तुला जमणार असेल तर आण बाई." जबाबदारी टाळायची असली की त्याचा आवाज असा फार प्रेमळ होतो.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली ती. तांबूस रंग, मोठे कान, कपाळावर मधोमध काळा ठिपका. नाव ठेवायला डोकं चालवावं लागलं नाही. खोकं उघडल्यावर ती बाहेर आली आणि सरळ वॉशिंग मशीनच्या मागे शिरली. मशीन आणि भिंत यांच्यातल्या त्या बोळकांडीत गेली ती कितीतरी दिवस तिथेच. दूधभात ठेवला, अंडं ठेवलं. आम्ही समोर असलो की तोंड लावायची नाही. आम्ही आतल्या खोलीत गेलो की वाटी चाटूनपुसून साफ.

लोक सांगतात की पिल्लू आलं की घर हसायला लागतं. आमच्या घराला आधी चोरपावलांनी चालायला शिकावं लागलं. झाडू हातात घेतला की तिला लघवी व्हायची. पहिल्या वेळी मी ओरडले, दुसऱ्या वेळी समजले. कुणीतरी झाडूनं बडवलेलं असणार. एवढ्याशा जिवाला, ज्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. मग मी झाडू गॅलरीतल्या कपाटात टाकला आणि फरशीवर बसून ओल्या फडक्यानं केर गोळा करायला लागले. गुडघे बोंबलत होते. अरुणला पेपराची घडी झटकायची सवय आहे, ती मी बंद करवली. आम्ही दोघं आपल्याच घरात हळू बोलायला लागलो.

आणि मग एका दुपारी मी मशीनशेजारी भिंतीला टेकून निवडलेली मेथी खुडत बसले होते. बाजूला माझाच दहीभात ताटलीत होता. हाताला काहीतरी ओलं लागलं. बघते तर टिकलीचं नाक. मी हलले नाही. बोटांवर थोडा दहीभात घेऊन हात तसाच खाली ठेवला, आणि तिनं तो खाल्ला. तिची जीभ खरखरीत आणि गरम होती. मला रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला कुत्र्याच्या पिल्लानं भात खाल्ला म्हणून रडू यावं हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, म्हणून मी मुक्तालाही सांगितलं नाही. थोड्या दिवसांचं ते फोस्टर त्याच दुपारी संपलं.

इमारतीला हे पसंत पडणार नव्हतंच. समोरच्या दारात सामंतवहिनी राहतात. आमचा त्यांचा शेजार जुना. वाटी रिकामी परत करायची नाही असा आमचा नेम. मुक्ताच्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी मला डेंग्यू झाला होता, तेव्हा तिला रोज डबा त्यांनी दिला. ते मी विसरलेले नाही. म्हणून पहिल्यांदा त्या नाकाला पदर लावून दारात आल्या तेव्हा मी सगळं हसण्यावारी नेलं.

"अहो मीनाताई, कुत्रा की कुत्री?"

"कुत्री."

"अगंबाई! कुत्री कशाला आणली? उद्या भाद्रपदात दारात रांग लागेल बघा."

"ती अजून दुधावर आहे हो, वहिनी."

"वाढायला काय वेळ लागतो?"

मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. केस दिसतात, वास येतो, लहान मुलं घाबरतात. ज्या मुलांच्या नावानं हे चाललं होतं ती संध्याकाळी आमच्या दारात टिकलीला बघायला गर्दी करायची, आणि टिकली त्यांना घाबरून मशीनमागे बसायची. लिफ्टमधून न्यायचं नाही असं ठरलं. मी चार मजले तिला उचलून जिन्यानं न्यायला लागले. तेही चालेना. शेवटी सेक्रेटरी गोखले आले. माणूस सभ्य, रिटायर्ड, बोलणं शुद्ध आणि गुळगुळीत. "वहिनी, माझा व्यक्तिशः काही आक्षेप नाही. परंतु सर्वांचं मत विचारात घ्यावं लागतं. गणपती होऊन जाऊ देत, मग आपण हिची काहीतरी सोय करू."

सोय करू म्हणजे घालवू. हा शब्द आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या बाबतीतही याच अर्थानं वापरतात. मी अरुणकडे बघितलं. तो गोखल्यांना म्हणाला, "चहा घेणार ना?"

ते सगळे गणपतीचे दिवस मी तिला मांडीवर घेऊन, तिच्या कानांवर हात ठेवून बसले. बाहेर ढोल, फटाके. आत मी मनातल्या मनात भांडणाची वाक्यं जुळवत होते. कायदा काय म्हणतो ते मुक्तानं पाठवलं होतं, ते पाठ करत होते. माझी पूर्ण तयारी झाली होती. आणि पितृपंधरवडा लागला.

सामंतांच्या घरी कोकणातली रीत कडक आहे. श्राद्धाच्या दिवशी गाय, कावळा आणि कुत्रा अशी तीन पानं काढायची, आणि तिन्ही पानांना तोंड लागेपर्यंत घरातल्या कुणी जेवायचं नाही. गाईचं सोपं असतं. देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसलेली असते, तिच्या पुढ्यात पान ठेवलं की झालं. कावळे आमच्या गच्चीवर चिक्कार. अडचण कुत्र्याची. गल्लीतली निम्मी कुत्री महापालिकेच्या गाडीनं नेलेली, आणि उरलेल्यांना या पंधरवड्यात घरोघरचे वडे मिळतात. दुपारपर्यंत त्यांची पोटं टम्म. पुढ्यात खीर ठेवली तरी मान फिरवून सावलीत झोपतात. त्या दिवशी सामंतभाऊजी सोवळ्यावर टी-शर्ट चढवून, हातात पान घेऊन अख्खी गल्ली पालथी घालून आले. त्यांना मधुमेह. चेहरा पांढरा पडलेला. वर पाहुणे ताटकळलेले.

बेल वाजली. दारात सामंतवहिनी, हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वडा, भात, खीर.

"मीनाताई, टिकली आहे का हो घरात?"

तिला टिकली म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तोवर 'तुमचं ते' एवढंच होतं.

टिकलीच्या डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं देऊ नका म्हणून बजावलं होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तोवर अरुण टिकलीला उचलून दारात घेऊनही आला. "अगं, एका घासानं काय होतंय? माणसं उपाशी बसलीत." टिकलीनं पान हुंगलं आणि वडा एका दमात गट्ट केला. वहिनींनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा, कसा लगेच घेतला! मामंजींना वडे फार आवडायचे."

ही बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीत पोचलेली. चौथ्या मजल्यावर एक कुत्री आहे, ती मान फिरवत नाही, ताटकळत ठेवत नाही, पान ठेवलं की खाते. मग रोज कुणाची ना कुणाची तिथी. एका मजल्यावरून द्वितीया, दुसऱ्यावरून पंचमी. ज्यांनी ग्रुपवर केसांचे फोटो टाकले होते ते पान घेऊन येत होते. एका बाईंना कुत्री चालते की कुत्राच लागतो अशी शंका आली, तर त्यांनी गुरुजींना फोन लावला; गुरुजी म्हणाले, चालते. अष्टमीला स्वतः गोखले आले, वडिलांचं पान घेऊन. काहीतरी सोय करण्याबद्दल चकार शब्द नाही. "फार गुणी आहे हो ही," म्हणाले.

मी खिरीतले बेदाणे वेचून काढायची, वडा कुस्करून अर्धा बाजूला करायची, तर अरुण म्हणायचा, "किती खोड्या काढतेस? लोक मायेनं आणतायत." त्याला हे सगळं फार गोड लागत होतं. भांडण आपोआप मिटत होतं आणि त्याला त्यासाठी काहीच करावं लागत नव्हतं. त्यानं टिकलीचा पट्टा काढून ठेवला. दुपार झाली की ती स्वतःच दाराशी जाऊन उभी राहायची. समोरच्या दारात पान दिसलं की शेपटी हलवत जायची, खाऊन परत यायची. पुढेपुढे जिना उतरून तिसऱ्या मजल्यावरही एकटी जायला लागली. लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि ती तो फिरवू द्यायची.

मला बरं वाटत होतं, नाही कशाला म्हणू? आणि थोडा मत्सरही वाटत होता. मी दोन महिने फरशीवर घासत बसून जे मिळवलं ते यांच्या वड्यांनी पंधरा दिवसांत मिळवलं. माणसाच्या हाताला आता ती भीत नव्हती. माणूस म्हणजे अन्न, दार म्हणजे अन्न, एवढं तिचं साधं गणित बसलं होतं.

मधे नवमीला सासूबाईंची तिथी होती. त्यांच्या शेवटच्या दिवसांत साखर वाढली म्हणून अरुण त्यांना खीर देऊ देत नसे. त्या माझ्याकडे चमचाभर मागायच्या, लहान मुलीसारख्या. मी डॉक्टरांचं नाव पुढे करायची. त्या दिवशी अरुणनं पातेलंभर खीर करायला लावली, पिस्ते घालून. टिकलीनं ती चाटली आणि अरुण म्हणाला, "आई तृप्त झाली." मेलेल्यांचे लाड करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. त्यांना साखर होत नाही, त्यांचं काही करावं लागत नाही, आणि ते पंधरा दिवसांत परत जातात.

सर्वपित्री अमावस्येला तर तिच्यासाठी रांग होती. दुसऱ्या दिवशी घटस्थापना.

सकाळपासून सगळीकडे धुवाधुवी. दारादारांत झेंडूची तोरणं. मी ओट्याशी होते, अरुण दूध आणायला खाली गेलेला, दार त्यानं नुसतं लोटलेलं. समोरच्या घरात नैवेद्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. टिकली रोजच्यासारखी निघाली. पान दारात दिसलं नाही म्हणून आत गेली असेल. सामंतांच्या हॉलमध्ये मातीवर घट बसवलेला, नंदादीप लावलेला, आणि समोर पाटावर नैवेद्याचं ताट. तिनं काय समजायचं? सगळं आदल्या दिवशीसारखंच तर होतं.

मला आधी ओरडणं ऐकू आलं, मग तो आवाज. मी धावले. सामंतवहिनी सोवळ्यात होत्या. तिला हात लावता येत नव्हता म्हणून त्यांनी मॉपचा दांडा उचलला होता. टिकली पळत नव्हती. पळाली असती तर वाचली असती. ती शेपटी हलवत पोटावर सरपटत त्यांच्याकडेच जात होती, कारण हे तेच हात होते. मी उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत आणखी दोन बसले, एक कमरेत आणि एक तोंडावर. मग तिला लघवी झाली, तिथेच, घटासमोरच्या रांगोळीवर.

"अहो वहिनी, काय करताय!"

"घट बसलेत घरात! देवीसमोर कुत्रं आलं! तुम्हाला दार लावता येत नाही?"

"काल तुम्हीच तिला हाक मारून बोलावलंत ना?"

"काल पितृपक्ष होता!"

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही खोटं नव्हतं. मी टिकलीला उचललं. तोंडातून रक्त येत होतं, पुढचा एक दात तुटला होता. जिन्यावर अरुण भेटला, दुधाची पिशवी घेऊन. त्यानं माझ्याकडे बघितलं, टिकलीकडे बघितलं, उघड्या दारातून सामंतांच्या ओल्या रांगोळीकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "सॉरी हो वहिनी. चूक आमचीच आहे, दार उघडं राहिलं."

मागे गोमूत्र शिंपडल्याचा वास आला. अरुण घरात येऊन मला म्हणाला, "शेजार आहे अगं, तोडायचा नसतो." दार त्यानंच उघडं टाकलं होतं हे मी बोलले नाही. त्या दिवशी मी त्याच्याशी काहीच बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर पुढेही पूर्वीसारखं कधी बोलले नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा कुणाच्या बाजूचा आहे हे असं एका कुत्रीवरून कळावं!

डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं. जबडा सुजला होता, तो उतरला. टिकली पुन्हा मशीनमागे गेली. आता ती मोठी झाली आहे, त्या जागेत मावत नाही, तरी अंग चेपून बसते. पुन्हा फरशीवर बसणं, पुन्हा दहीभात. मी तेच सगळं केलं. पण पहिल्या वेळी तिला मारणारं कुणी दुसरंच होतं आणि म्हणून माझ्यावर विश्वास ठेवता आला असेल. या वेळी मारणारे आणि भरवणारे एकच होते. तिनं माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

सोसायटीची तक्रार मात्र कायमची मिटली. टिकली भुंकत नाही, दाराशी येत नाही, जिन्यात कुणाच्या पायात येत नाही. फिरायला नेलं तर भिंतीला घासून चालते. मागे गोखले भेटले तेव्हा म्हणाले, "घरात कुत्री आहे असं वाटतच नाही हो, इतकी शहाणी झाली." मुक्ता महिन्यातून एकदा येते आणि येताना महागडी बिस्किटं आणते. ती आली की टिकली तिच्याकडे बघते, बिस्किटाकडे बघते, आणि जागची हलत नाही. मुक्ता म्हणते, "ट्रेनर बघू या का आई?" शिकवायचं तिला नाही, हे मी मुक्ताला कसं सांगू?

आता तर ती आम्ही पलीकडच्या खोलीत असलो तरी खात नाही. घरात माणसाचा श्वास नसला पाहिजे. म्हणून मी रोज दुपारी वाटी ठेवते, दाराला बाहेरून कडी घालते आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसते.

आजही बसले होते. अरुण बँकेत गेला होता. पायरी गार होती. समोरचं दार उघडलं आणि सामंतवहिनी बाहेर आल्या. केळीचं पान, वडा, भात, खीर. वर्षभरात आम्ही पुन्हा बोलायला लागलो आहोत; दूध उतू गेलं, पाणी आलं नाही, एवढंच. मला पायरीवर बघून त्या दचकल्या.

"अशा इथे का बसलात? किल्ली हरवली?"

"नाही. टिकली जेवतेय."

"मग बरं झालं. आज मामंजींची तिथी. हे तेवढं आत ठेवता का? आमचे हे केव्हाचे खाली फिरतायत, एक कुत्रं तोंड लावेल तर शपथ."

"ती माणसांसमोर खात नाही वहिनी. घरात कुणी असलं तरी खात नाही."

"अहो, मग समोर नका ठेवू. पान ठेवायचं आणि आपण लांब व्हायचं. दहाव्याला नाही का पिंड ठेवून आपण मागे सरतो, कावळा शिवावा म्हणून?"

त्या अगदी मनापासून सांगत होत्या.

"तेच तर करतेय," मी म्हटलं. "रोज करते. फक्त आत आहे ती जिवंत आहे अजून."

वहिनी पान हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या उघड्या दारातून ताटं मांडून बसलेले पाहुणे दिसत होते. मी पायरीवर थोडी सरकून बसले, त्यांना खाली कुत्रं शोधायला जायला वाट असावी म्हणून.